चूलबंद आवतन

बालाजीशेठ डिसेंबरात पुण्याहून दोन दिवसांचं शिबिर करून आले आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. तोवर सगळं ठीक चाललं होतं. हिंगोलीत हळद शिजवायचे कुकर आणि पॉलिशचे ड्रम विकणाऱ्या दुकानाला ब्लॉग कशाला लागतो, हे मला वर्षभरात शंभर जणांनी विचारलं होतं, आणि मी प्रत्येकाला सांगत होते की उद्याचा शेतकरी इंटरनेटवर येणार आहे. मला स्वतःला ते फारसं पटत नव्हतं. पण दुकानाच्या वर स्वतंत्र खोली होती, चाकांची खुर्ची होती, बारा तासांच्या भारनियमनात पंखा चालवणारा इन्व्हर्टर होता. आठवड्यातून दोन लेख मीच लिहायचे, मीच टाकायचे आणि बहुतेक वेळा मीच वाचायचे.

शिबिरात टाय लावलेल्या कुणीतरी शेठना सांगितलं की मालकानं स्वतःची तारीफ केली की गिऱ्हाईक पळतं, आणि बाहेरच्यांनी लिहिलं की थांबतं. धंद्याचा ब्लॉग पाहुण्या लेखकांवर उभा राहतो म्हणे. शेठनी मला खाली बोलावून हुकूम सोडला: गुढीपाडव्यापर्यंत बारा पाहुणे लेखक, बारा लेख. झाले तर माझी नोकरी कागदावर पक्की. नाही झाले तर वरची खोली स्पेअर पार्टला लागणार होती. ही गोष्ट २००९ सालच्या पाडव्याची.

शेठना वाटलं मी खोलीसाठी घाबरले. मला वेगळीच धास्ती होती. माझे बाबा, प्रेमदास आडे, सेनगावकडच्या आमच्या तांड्यावर शेती करतात. तांड्यातली पदवी घेतलेली मी पहिली मुलगी, म्हणून त्यांनी दोन वर्षं कळ सोसली होती. दिवाळीला आमचं ठरलं: पाडव्यापर्यंत नोकरी पक्की झाली तर मी हिंगोलीत राहायचं, नाहीतर घरी येऊन कनेरगाव नाक्याच्या ढाबेवाल्यांचं स्थळ बघायचं. मुलगा वाईट नव्हता. मला तो नको होता, एवढंच. हे मी हिंगोलीत कुणालाही सांगितलं नव्हतं.

मग मी पाहुणे शोधायला लागले, आणि माणूस लिहायचं टाळण्यासाठी किती थरांना जातो ते मला कळलं. एका शेती अधिकाऱ्यांनी बदली झाल्यावर लिहितो म्हणून सांगितलं. एका निवृत्त गुरुजींनी हळदीवर म्हणून स्वतःच्या सत्कारावर अकरा पानं धाडली. वसमतच्या एका व्यापाऱ्याला लेखाच्या वर स्वतःचा फोटो हवा होता, शेठच्या फोटोपेक्षा मोठा. एका प्राध्यापकांनी सरकारी पुस्तिका जशीच्या तशी उतरवून दिली, छापखान्याच्या नावासकट. शेतकऱ्यांकडे गेले तर ते चहा पाजायचे, दोन दोन तास असं काही सांगायचे की ऐकत राहावं, आणि लिहून द्या म्हटलं की एकदम गप्प व्हायचे. पत्रकं छापून वाटली. त्यांत दुसऱ्या दिवशी भजी बांधून आली.

दुकान झाडणाऱ्या आणि चहा करणाऱ्या सखुबाई हे सगळं बघत होत्या. एका दुपारी कप उचलताना त्या म्हणाल्या की तुमचं बोलावणं कोरडं हाय, बाई. कागद टाकल्यानं पाव्हणा येत न्हाई. हळद लावून आवतन धाडावं लागतं, आणि कितीचं ते सांगावं लागतं: घरटी एक, का चूलबंद. चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांना बोलावणं. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, झाडून सगळ्यांनी यायचं.

मला आयडिया आवडली, आणि तोवर मी इतकी वैतागले होते की कसलीही आवडली असती. चौकशीच्या वहीत जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते होते. दोनशे पोस्टकार्डं आणली. कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून छापून घेतला, कोपऱ्यात हळदीचं बोट उमटवलं: ‘आमच्या ब्लॉगवर लिहिण्याचं आपल्याला चूलबंद आवतन. घरातल्या कुणीही मागे राहू नये.’ शेठ हसले. म्हणाले, जेवायला बोलावताय का लिहायला.

जानेवारीच्या मध्याला एक पत्र आलं. दोनशेतून एक.

आंतरदेशीय पत्रावर औंढा नागनाथचा शिक्का होता. पाठवणारे किसनराव, पत्ता कालव्याचा आखाडा, सिद्धेश्वर रोड. शेतातल्या वस्तीला आमच्याकडे आखाडा म्हणतात. निळ्या शाईत, मागे झुकलेल्या अक्षरात त्यांनी कढईत हळद कशी शिजवायची ते लिहिलं होतं. ‘आग मोठी केली की हळद वरून शिजते अन् आतून रुसून बसते.’ मी ते वाक्य तीनदा वाचलं. वर्षभरात माझ्या हातून असं एकही वाक्य झालं नव्हतं. शेवटी लिहिलं होतं की आज पाव्हणी आली म्हणून चहा दोनदा झाला. त्याचा हळदीशी काही संबंध नव्हता, म्हणून ते मी काढून टाकलं आणि लेख चढवला. दुबईहून कुणीतरी लिहिलं की आईच्या हाताचा वास आला.

पुढच्या आठवड्यात किसनरावांच्या भावाचं, जळबाचं पत्र आलं. मग त्यांच्या म्हाताऱ्या आईचं, मग थोरल्या लेकाचं. अक्षर सगळ्यांत एकच होतं. मला वाटलं घरातली शाळेत जाणारी एखादी पोरगी सगळ्यांसाठी लिहीत असेल. चूलबंद आवतन कुणीतरी खरोखर मनावर घेतलं होतं, आणि मी सखुबाईंना पेढा दिला.

प्रत्येक पत्रात ती पाव्हणी होती. जळबाच्या पत्रात ती विहिरीजवळच्या दगडावर बसली होती, बोलत कमी होती आणि लिहीत जास्त होती. म्हातारीच्या पत्रात तिला धूर सोसत नव्हता तरी ती जागची हलली नाही. दर वेळी मी ती वाक्यं काढत गेले. संपादन म्हणजे दुसरं काय असतं.

पाचवं पत्र किसनरावांच्या बायकोचं, चतुराबाईंचं होतं. हळद शिजली का ते काडी टोचून कसं बघायचं, यावर त्यांनी सुरेख लिहिलं होतं. खाली होतं: ‘आमचं समदं छापलं, पाव्हणी तेवढी काढली. जेवत्या माणसाचं ताट वढू नये.’

आखाड्यावर इंटरनेट कुठून आलं, हा विचार माझ्या मनात आलाच. मग म्हटलं, एखादा पोरगा औंढ्याच्या कॅफेत जाऊन बघत असेल. मला जास्त राग आला तो रुसव्याचा. लेखक झाले नाहीत तोच नखरे सुरू झाले. पण मला सात लेख अजून हवे होते. चतुराबाईंच्या लेखात पाव्हणी राहू दिली.

आठवं पत्र धाकट्या सुनेचं होतं. हळद वाळवताना ती कशी हलवायची ते अर्ध्या पानात संपलं होतं आणि बाकी सगळी पाव्हणीच होती. मी ते खिडकीजवळ उभी राहून वाचलं. लिहिलं होतं की पाव्हणीची नोकरी पक्की झाली न्हाई तर पाडव्याला तिला घरी जावं लागणार हाय. कनेरगावच्या ढाब्यावाल्याचं पोरगं तिला बघून राहिलं. ती म्हणली, पोरगा वाईट न्हाई, मला तो नको, एवढंच.

खाली सखुबाईंच्या कपबशा वाजत होत्या. मी पत्र घडी करून ड्रॉवरमध्ये टाकलं. बाबांनी कुणाला सांगितलं असेल, ढाबेवाल्यांनी सांगितलं असेल, औंढ्याची आणि कनेरगावची नाती असतातच. अशी चार-पाच कारणं जुळवली. एकही धड बसेना. तो लेख मी पाव्हणीशिवाय चढवला.

मार्चच्या चौथ्या आठवड्यात अकरावं पत्र आलं. आणि नेमके त्याच दिवशी शेठ कधी नव्हे ते वर आले. पत्र टेबलावर होतं. भिंतीवर चहाच्या दुधाची यादी होती, मी सखुबाईंसाठी लिहून लावलेली. शेठ आधी पत्राकडे बघत राहिले, मग यादीकडे.

“शिला मॅडम, हे अक्षर तुमचं आहे.”

मी हसले आणि यादी काढून पत्राशेजारी धरली. दोन वर्षं मी सगळं टाइपच करत होते, हातानं लिहायची ती दुधाची यादी. तीच मागे झुकलेली अक्षरं. तोच आधी आडवी रेघ ओढून मग खाली लटकवलेला ‘ळ’.

शेठ चिडले नाहीत, त्यानं मला आणखी लाज वाटली. ते म्हणाले की पाहुणे मिळत नाहीत हे सांगायचं होतं, खोटे पाहुणे कशाला जन्माला घातले. मी शपथा घेतल्या. शेवटी त्यांनी सांगितलं की पाडवा शुक्रवारी आहे, त्याआधी यातला एक तरी माणूस माझ्यासमोर उभा करा आणि बारावा लेख आणा. नाहीतर अकराचे अकरा फुकट.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी सकाळच्या एसटीनं औंढ्याला गेले. अंगाचा तिळपापड होत होता. कुणीतरी माझी थट्टा करत होतं, आणि तो जो कोण होता त्याला मानगुटीला धरून हिंगोलीला आणायचं मी ठरवलं होतं. स्टँडवर नागनाथाला आलेल्या भक्तांची गर्दी होती. सिद्धेश्वरकडे जाणारी काळीपिवळी जीप भरायला पाऊण तास लागला. तिसऱ्या पुलापाशी ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि आरशातून माझ्याकडे बघितलं.

“उतरा की बाई. इथंच ना?”

मी त्याला कुठं उतरायचं ते सांगितलं नव्हतं. पण कालव्यापलीकडे धूर दिसत होता आणि ओल्या हळदीचा तो मातकट, गोडसर वास येत होता, तेव्हा जागा हीच असणार. मी उतरले.

आखाडा अगदी साधा होता. दोन पत्र्याच्या खोल्या, कडुनिंब, विहीर, चुलवणावर मोठी कढई. उन्हात पसरलेली हळद. माणसं कामात होती. मी सवयीनं मोजली, अकरा होती. धोतर नेसलेला, कपाळाला घाम आलेला एक माणूस जाळ पुढे सारत होता. त्यानं मान वर केली.

“या. आज वखत झाला तुमाला.”

हे किसनराव. एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिनं मला नावानं हाक मारली, म्हणजे त्या चतुराबाई असणार. मी पाणी प्यायले. मग मी आवाज चढवला. विचारलं की ही पत्रं कोण लिहितं, आणि त्याला माझ्यासमोर आणा.

चतुराबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. घरातला एखादा माणूस तापात बरळायला लागला की बघतात तसं.

“आमच्यात कोणाला येतंय लिहायला,” त्या म्हणाल्या. “आमी सांगतो, तुमी लिहिता.”

“मी आज पहिल्यांदा येऊन राहिले इथं.”

“व्हय. परत्येक डाव तुमी असंच म्हणता.”

कुणी हसलं नाही. जळबा असावा तो माणूस कढईतून हळद काढत होता. त्यानं झारा बाजूला ठेवला आणि खोलीतून एक कोरं आंतरदेशीय पत्र आणि निळं पेन आणून माझ्या हातात दिलं. पेनाचं टोपण चावलेलं होतं. टोपण चावायची सवय मला आहे.

“अकरा झाले,” किसनराव म्हणाले. “आता तुमचं राहिलं.”

मी म्हणाले की मी दुकानाची माणूस, मी पाहुणी कशी होईन. त्यावर चतुराबाईंनी लेकराला समजवावं तसं मला समजावलं. “आवतन चूलबंद धाडलं ना तुमी? मग त्या दिशी घरात जी पाव्हणी असंल, ती बी त्याच चुलीत मोजायची. तिला मागं ठिवून कसं चालंल, बाई.”

मला तिथून निघून यायला हवं होतं. पण पाडवा परवावर आला होता, अकरा लेख झाले होते, माणसं खरी होती, धूर खरा होता, आणि वाद घालायचा मला मनापासून कंटाळा आला होता. एक लेख लिहिला की सुटले. किसनराव उद्या हिंगोलीला यायला कबूल झाले. मी विहिरीजवळच्या दगडावर बसले.

मी माझ्या खोलीवर लिहिलं. दुसरं काही सुचेना. किल्ली कुठं ठेवते, इन्व्हर्टर किती वेळा वाजला की बंद पडतो, शेठ चिडले की काय बोलायचं आणि काय नाही, टेलिफोनवाल्याला कसं झापायचं, बाबांना किती वाजता फोन करायचा. पेन थांबलं नाही. इतकं सरळ मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. पत्र पुरलं नाही तेव्हा जळबानं वहीचं पान आणून दिलं.

एक वाजला होता. चतुराबाईंनी माझ्या हातातून कागद काढून घेतले, टपालात टाकते म्हणाल्या, आणि समोर भाकरी-पिठल्याचं ताट ठेवलं. बाकी सगळे जेवायला बसले होते. मला भूक लागली होती. मी जेवले.

“झालं,” म्हातारी पलीकडून म्हणाली. “बारा पानं झाली.”

हिंगोलीला पोचायला पाच वाजले. दुकानाच्या पायरीवर सखुबाई बसल्या होत्या. मी चप्पल काढली तशा त्या उठल्या, आत गेल्या आणि माझ्यासाठी पाण्याचा पेला ताटलीत ठेवून घेऊन आल्या. मला त्यांनी दोन वर्षांत कधी ताटलीतून पाणी दिलं नव्हतं.

शेठ काउंटरवर होते. मी म्हणाले की माणसं सापडली, उद्या येतायत.

त्यांनी नम्रपणे मान हलवली. “लेख द्यायचा होता का? वर मॅडम आहेत, पण आमचे बारा पुरे झाले. दुपारी एकलाच त्यांनी शेवटचा टाकला. फार छान लिहिलाय. नाव-गाव लिहून ठेवा, पुढच्या वर्षी कळवू.”

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली.

“शेठ, मी शिला.”

“हो का?” ते म्हणाले. “आमच्या मॅडमचंही नाव तेच.”

मी जिन्याच्या दोन पायऱ्या चढले.

वर कुणीतरी टेलिफोनवाल्याला झापत होतं. “अहो, सहा महिन्यांपासून तुमचा माणूस उद्याच येऊन राहिला.” हे वाक्य माझं होतं. आवाज माझा होता. वैताग माझा होता, पण त्याला आता धार नव्हती. काळजी मिटलेल्या माणसाचा असतो तसा तो सैल होता.

मी वर गेले नाही.

मोबाईल सकाळी वरच चार्जिंगला लावलेला राहिला होता. चौकातल्या पानटपरीवर नाण्याचा फोन होता. मी बाबांचा नंबर फिरवला. त्यांनी उचलला तेव्हा मागे माणसांचा गलका होता, कुणीतरी गूळ वाटत होतं. मी आमच्या तांड्याच्या बोलीत म्हणाले की बाबा, मी बोलतेय, मला घ्यायला या.



बाबा माझ्याशी जन्मात कधी मराठीत बोललेले नाहीत. मराठी ते कचेरीत बोलतात, बाजारात बोलतात.

“शिलाचा फोन आत्ताच येऊन गेला,” ते मराठीत म्हणाले. हळू, अदबीनं, आणि इतक्या आनंदात मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. “नोकरी पक्की झाली पोरीची. कनेरगाववाल्यांना आमी न्हाई म्हणून कळवून बी टाकलं.”

मी पुन्हा बाबा म्हणाले.

“तुमाला आमची बोली बराबर येते, बाई,” ते म्हणाले. “कुठं शिकल्या?”